संस्थेचे संगणक मालवेअरपासून वाचवायचे: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान असो, कुपवाड एमआयडीसीतला कारखाना असो, मिरजेतलं हॉस्पिटल असो की तासगाव-विट्याकडची पतसंस्था, मालवेअरचा, म्हणजे संगणकात घुसून नुकसान करणाऱ्या प्रोग्रामचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "अँटिव्हायरस कुठला घेऊ?" प्रश्नात काही गैर नाही, पण त्याची पाळी चौथी आहे. आधीची तीन कामं राहिली तर महागातला अँटिव्हायरसही फारसा उपयोगी पडत नाही. दुसरी चूक हल्ल्यानंतर होते. फाइली उघडेनात म्हटल्यावर ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावून मशीन फॉरमॅट करून घेतात. त्यात पुरावा जातो, कधी कधी परत मिळू शकला असता असा डेटाही जातो, आणि चोर ज्या वाटेने आला ती वाट उघडीच राहते.

क्रमाला एवढं महत्त्व का, तर हल्ल्याची पद्धत बदलली आहे. आता हल्लेखोर बऱ्याचदा खऱ्या पासवर्डनेच आत येतो. ॲनीडेस्क (दुरून दुसरा संगणक चालवायचं सॉफ्टवेअर), पॉवरशेल (विंडोजला आदेश द्यायचं साधन) अशी रोजच्या वापरातली साधनं तो वापरतो, त्यामुळे अँटिव्हायरसला त्यात वावगं दिसत नाही. आत आल्यावर तो बॅकअप कुठे आहे ते शोधतो, डेटा बाहेर नेतो, बॅकअप पुसतो आणि मग शनिवारी रात्री किंवा दिवाळीच्या सुट्टीत फाइली लॉक करतो. सोमवारी शटर उघडेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

पुढची पद्धत पाच ते चाळीस संगणकांच्या संस्थेसाठी आहे, जिथे आयटीचा पूर्णवेळ माणूस नाही. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एका टप्प्याची पडताळणी झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

## सुरुवातीआधी: वेळ, माणूस, वही

हंगामात हे काम काढू नका. हळदीचे सौदे जोरात असताना पट्टी थांबली तर शेतकरी आणि हमाल दोघेही खोळंबतात, आणि मग "राहू दे, नंतर बघू" म्हणून अर्धवट काम तसंच पडून राहतं. पतसंस्थेने मार्चअखेर आणि लेखापरीक्षणाचे दिवस टाळावेत. साखर कारखान्याने गाळप संपल्यावर सुरू करावं.

या कामासाठी एक माणूस आणि त्याला एक बदली माणूस नेमा. नेमणूक तोंडी नको. पतसंस्था असेल तर संचालक मंडळाचा ठराव करा, दुकान असेल तर मालकाच्या सहीचं पत्र द्या. संशय आला की काउंटर बंद ठेवायचा अधिकार त्या माणसाला आहे, हे त्यात स्पष्ट लिहा. हा अधिकार नसेल तर तो चेअरमनना फोन लावत बसेल आणि तेवढ्यात सर्व्हर जाईल. चेअरमन, सचिव, मालकाचा मुलगा यांच्या लॅपटॉपलाही हेच नियम लागू. सवलत मागितली जाते ती नेमकी इथे, आणि तिथे मऊ राहून चालत नाही.

एक कागदी वही घाला. सॉफ्टवेअर व्हेंडर, इंटरनेटवाला, बँकेची शाखा आणि सायबर पोलीस ठाणं यांचे नंबर, लायसन्सचे क्रमांक, राउटर कुठे बसवलाय, सगळं तिच्यात लिहा. एक्सेलमधली यादी हल्ल्याच्या दिवशी उघडणार नाही. सोबत छापील पावतीपुस्तकं, कोरे केसपेपर, हाताने लिहायच्या पट्ट्या यांचा आठवडाभराचा साठा ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा) हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस नोंदी हाताने करून काम चालवावं लागलं.

खरेदी मोजकीच आहे: दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, जमल्यास तिसरी, आणि एक साधा कीपॅड फोन. तो कशाला ते पाचव्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: यादी

प्रत्येक यंत्राला नंबराचं स्टिकर लावा आणि वहीत लिहा: विंडोज कोणतं, कोण वापरतं, कोणती सॉफ्टवेअर आहेत, बाहेरून कोण जोडला जाऊ शकतो. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि हटकून कोरा सोडला जातो तोही तोच.

संगणक सगळ्यांच्या लक्षात राहतात. सुटतं ते बाकीचं: सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वायफाय राउटर, नेटवर्कला लावलेला प्रिंटर, पिग्मी एजंटांचे मोबाइल, वजनकाट्याला किंवा सीएनसी यंत्राला जोडलेला जुना पीसी. त्या जुन्या पीसीवर अजून विंडोज ७ असतं, कारण काट्याचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. विंडोज ७ च्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्येच थांबल्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज १० ची यंत्रं वेगळ्या रंगात लिहा. त्यातली कोणती ११ वर नेता येतील, कोणती बदलावी लागतील आणि कोणाला तोवर मुदतवाढीचे सुरक्षा अपडेट घ्यावे लागतील, हे आत्ताच ठरवा.

काट्याचा पीसी बदलता येत नसेल तर त्याचं इंटरनेट तोडा. काटा चालायला इंटरनेट लागत नाही. वजनाचा आकडा कागदावरून टॅलीत घालायला एक मिनिट जास्त लागेल, ते लागू द्या.

पडताळणी: राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. ती वहीशी ताडून पाहा. वहीत नसलेलं एकही यंत्र तिथे दिसलं तर ते कुणाचं आहे ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: बॅकअप, आणि तो परत आणून पाहणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बाकी सगळं फसलं तरी हा टप्पा नीट असेल तर संस्था उभी राहते.

नियम जुनाच आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर. त्यात एक भर घाला. किमान एक प्रत कोणत्याही तारेला, वायफायला किंवा नेटवर्कला जोडलेली नसावी. सर्व्हरला कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क हल्लेखोराला ई ड्राइव्ह किंवा एफ ड्राइव्ह म्हणून दिसते, आणि डी ड्राइव्हबरोबर तीही लॉक होते. विंडोज स्वतः ठेवतं त्या शॅडो कॉपी (फाइलींच्या आधीच्या प्रती) तर रॅन्समवेअर आधीच पुसतं.

रोजची पद्धत अशी ठेवा.

१. दिवसअखेर झाली की सगळ्या काउंटरवरून सॉफ्टवेअर बंद करा. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती अर्धवट येते, आणि हे परत आणताना कळतं. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनूतून बॅकअप घ्या. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर सॉफ्टवेअरमधूनच बॅकअपची फाइल तयार करा, डेटाबेसची मूळ फाइल उचलू नका.

२. सम तारखेला 'अ' डिस्क, विषम तारखेला 'ब' डिस्क. डिस्क जोडा, कॉपी करा, फाइलचा आकार कालच्याशी ताडा, "सेफली रिमूव्ह" करा, डिस्क काढा. आकार एकदम अर्ध्यावर आला असेल तर काहीतरी राहिलंय.

३. काढलेली डिस्क तिजोरीत. त्या दिवशी मोकळी असलेली दुसरी डिस्क जबाबदार माणसाबरोबर जागेबाहेर.

४. महिनाअखेरची एक प्रत तिसऱ्या डिस्कवर. ती वर्षभर पुसायची नाही. हल्लेखोर कित्येक दिवस गुपचूप आत असू शकतो, त्यामुळे फक्त कालपरवाच्या प्रती असतील तर त्यांच्यातही तो असतो.

"जागेबाहेर" याचा सांगलीत वेगळा अर्थ घ्यावा लागतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गणपती पेठेतल्या दुकानाची प्रत हरभट रोडवरच्या घरी ठेवली तर दोन्ही एकाच पुरात जातील. विश्रामबागसारख्या उंचावरच्या भागात किंवा सरळ दुसऱ्या गावी ठेवा, आणि तळमजल्यावर नको. साताऱ्याकडच्या संस्थांना ही अडचण कमी आहे, पण कराडला नदीकाठी असाल तर हेच लागू.

सावधान: गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला फोल्डर सिंक केलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही. इथली फाइल लॉक झाली की लॉक झालेलीच फाइल वर जाते. जुनी आवृत्ती परत मिळते, पण ठरावीक मुदतीपुरतीच, आणि हजारो फाइली परत फिरवणं सोपं नसतं. क्लाउड जादाची प्रत म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको. पेनड्राइव्ह तर बॅकअपसाठी धरूच नका.

आता परत आणून पाहणं. हे जवळपास कुणीच करत नाही.

महिन्यातून एकदा, सर्व्हर सोडून दुसऱ्या संगणकावर, नवं रिकामं फोल्डर करून त्यात डेटा रिस्टोअर करा. चालू डेटाच्याच फोल्डरवर रिस्टोअर केलंत तर आजचं काम जुन्या डेटाखाली गाडलं जाईल. त्यामुळे मार्ग दोनदा वाचून मगच एंटर दाबा. उघडल्यावर तीन गोष्टी पाहा: त्या दिवसाची अखेरची रोख शिल्लक कॅशबुकशी जुळते का, शेवटच्या पावतीचा नंबर बरोबर आहे का, आणि सहज मनात आलेल्या एका खातेदाराचा किंवा शेतकऱ्याचा उतारा पूर्ण दिसतो का. तिन्ही जुळल्या तर वहीत तारीख घालून सही करा. "बॅकअप सक्सेसफुल" असा संदेश आला म्हणून सही करायची नाही.

कोअर बँकिंग (सगळी खाती सांभाळणारी मुख्य यंत्रणा) व्हेंडरच्या सर्व्हरवर असेल तर बॅकअप त्याचा, पण जोखीम तुमचीच राहते. जुलै २०२४ अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा एनपीसीआयने (यूपीआयसारख्या पेमेंट सेवा चालवणाऱ्या संस्थेने) खबरदारी म्हणून तिला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं वेगळं केलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या बँकांच्या ग्राहकांना तेवढा काळ पेमेंट सेवा मिळाल्या नाहीत. बँकांच्या हातात काहीच नव्हतं. म्हणून व्हेंडरकडून तीन उत्तरं लेखी घ्या: आमच्या डेटाची नेटवर्कपासून तोडलेली प्रत कुठे असते, ती शेवटची कधी परत आणून पाहिली, आणि तुमची सेवा बंद पडली तर आम्हाला खातेनिहाय शिल्लक कोणत्या स्वरूपात आणि किती वेळात मिळेल. तिसऱ्याचं उत्तर टाळलं जात असेल तर रोज संध्याकाळी शिल्लक यादी स्वतः उतरवून ठेवायला आजपासूनच लागा.

## टप्पा ३: आत येण्याच्या वाटा बंद करणं

आधी दूरस्थ जोडणी. टॅलीची अडचण आली की सपोर्टवाल्याने ॲनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर घातलेलं असतं, त्याला कायमचा पासवर्ड दिलेला असतो, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला तरी पासवर्ड तोच राहतो. प्रत्येक संगणकावर ते सॉफ्टवेअर आहे का पाहा. नको तिथून काढा. हवं तिथे विनासंमती जोडणीचा पर्याय बंद करा, म्हणजे समोर बसलेल्या माणसाने "स्वीकारा" म्हटल्याशिवाय कुणी आत येणार नाही. काम संपलं की प्रोग्राम बंद.

विंडोजचा रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवायची सोय) इंटरनेटवर थेट उघडा ठेवणं हे रॅन्समवेअरला दिलेलं उघड आमंत्रण आहे. राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आत यायच्या दारांचा) भाग उघडा आणि तिथे ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा नंबर, दिसला की काढा. "आम्ही नंबर बदलून ३३९० केलाय" हे सांगू नका. शोधणारी यंत्रणा सगळे नंबर चाळते. शाखेतून मुख्य कार्यालयात यायचं असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, सुरक्षित वाट) लावा आणि त्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपीसारखी दुसरी खूण) ठेवा. डीव्हीआरसाठी उघडलेलं पोर्टही तिथेच सापडेल, तेही बंद करा. राउटर आणि डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून "ॲडमिन" असेल तर आत्ताच बदला.

मग खाती. रोजच्या कामाचं विंडोज खातं ॲडमिनिस्ट्रेटर नसावं. साधं खातं करा, ॲडमिनचं वेगळं ठेवा, त्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत. काउंटरवरचा माणूस एखादी वाईट फाइल उघडून बसला तरी साध्या खात्यातून नुकसान तेवढ्यापुरतं राहण्याची शक्यता खूप वाढते. जुनं लेखा सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय चालत नाही अशी तक्रार येते. बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरच्या एका फोल्डरला लिहिण्याची परवानगी दिली की ते चालतं. व्हेंडरकडे आग्रह धरा.

सामाईक फोल्डर "एव्हरीवन, फुल कंट्रोल" असं उघडं असतं, कारण एकदा प्रिंट निघत नव्हती तेव्हा कुणीतरी तसं केलेलं. एका संगणकावरचं रॅन्समवेअर दुसऱ्यापर्यंत पोचतं ते याच रस्त्याने. ज्याला हवं त्यालाच परवानगी द्या, आणि वाचायचंच असेल तर वाचण्यापुरतीच.

पासवर्डमध्ये संस्थेचं नाव आणि एक-दोन-तीन चालणार नाही. दुहेरी पडताळणी सर्वांत आधी ईमेलला लावा, कारण बाकीचे सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. त्यानंतर नेटबँकिंग, जीएसटी आणि ई-वे बिल. पाहुण्यांचं वायफाय वेगळं करा. पासवर्ड भिंतीवर लावलेलं वायफाय आणि सर्व्हर एकाच जाळ्यात नकोत.

पडताळणी: काउंटरच्या संगणकावर एखादं सॉफ्टवेअर बसवून पाहा. ॲडमिनचा पासवर्ड न विचारता बसलं तर हा टप्पा अर्धा राहिलाय.

## टप्पा ४: अपडेट आणि अँटिव्हायरस

आता अँटिव्हायरसची पाळी. विकत घेतलेला असो वा विंडोजसोबत आलेला डिफेंडर, एका यंत्रावर एकच चालू ठेवा. छोट्या संस्थेला नीट लावलेला डिफेंडर पुरतो असं माझं मत आहे. वीस-पंचवीस यंत्रांच्या पुढे मात्र एका ठिकाणाहून सगळ्यांवर नजर ठेवता येईल असं सशुल्क उत्पादन घ्या, कारण एकेका यंत्राजवळ जाऊन कुणी बघत नाही. डिफेंडरमध्ये "टॅम्पर प्रोटेक्शन" चालू आहे ना ते पाहा, म्हणजे मालवेअरला तो परस्पर बंद करता येत नाही. "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" (परवानगी नसलेल्या प्रोग्रामला फाइली बदलू न देणारी सोय) चालू करा, पण आधी परवानगीच्या यादीत टॅली आणि पतसंस्थेचं सॉफ्टवेअर घाला. ते राहिलं तर दुसऱ्या दिवशी नोंदी सेव्ह होणार नाहीत आणि लोक वैतागून सगळंच बंद करतील.

क्रॅक केलेलं विंडोज, ऑफिस किंवा टॅली असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. क्रॅक चालवायचा म्हणजे आधी अँटिव्हायरस बंद करायचा, आणि त्याबरोबर आत काय येतं ते कुणालाच माहीत नसतं. लायसन्सचा खर्च आधी करा.

अपडेट रात्री लागतील असं लोक धरून चालतात, पण रात्री तर मेन स्विचच बंद असतो. आठवड्यातून एक दिवस, समजा शुक्रवारी, कामानंतर तासभर यंत्रं चालू ठेवून अपडेट पूर्ण करा. यूपीएसची बॅटरी तेवढी टिकते ना ते आधी बघा. अपडेट अर्ध्यात वीज गेली तर नवीनच दुखणं होतं. सर्व्हरचे अपडेट बॅकअपनंतरच.

## टप्पा ५: माणसं

वर्षातून एकदा हॉल घेऊन दिलेलं भाषण कुणाच्या लक्षात राहत नाही. सकाळी काउंटर उघडायच्या आधी पंधरा मिनिटं, एका वेळी एकच युक्ती, संगणकावर प्रत्यक्ष दाखवा. सध्याच्या तीन युक्त्या दाखवल्याच पाहिजेत.

पहिली, फाइलचं खोटं रूप. "पेमेंट ॲडव्हाइस" नावाची झिप फाइल मेलवर येते. आत पीडीएफचं चित्र असलेली फाइल. विंडोज शेवटचं नाव लपवतं, म्हणून "ॲडव्हाइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" मधला शेवटचा भाग दिसतच नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" यावर खूण करा, सगळ्या यंत्रांवर. एवढं करूनही शॉर्टकट फाइलचं शेवटचं नाव दिसत नाही. तिथे चित्राच्या कोपऱ्यातला छोटा बाण बघायला शिकवा. मेलमधून आलेल्या फाइलला बाण असेल तर उघडायची नाही. आणि झिपचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला असेल तर संशय दुप्पट करा. पासवर्ड लावलेली झिप मेलच्या तपासणीला उघडता येत नाही, म्हणून तर तो लावतात.

दुसरी, "मी रोबो नाही". एखादं फॉर्म किंवा सॉफ्टवेअर शोधताना पान उघडतं आणि खूण करायला सांगतं. खूण केली की सूचना येते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. खूण करताच एक आदेश गुपचूप कॉपी झालेला असतो. विंडोज आणि आर दाबल्यावर उघडणारी चौकट अरुंद असते, त्यामुळे लांब आदेशाचं फक्त शेपूट दिसतं, आणि तिथे मुद्दाम "पडताळणी क्रमांक" असं काहीतरी लिहिलेलं असतं. एंटर दाबला की माणसाने स्वतःच्या हाताने मालवेअर चालवलेलं असतं. अँटिव्हायरस इथे बऱ्याचदा फसतो, कारण आदेश वापरणाऱ्याने दिलाय. नियम एका ओळीचा आहे: कोणतीही वेबसाइट विंडोज आणि आर दाबायला सांगत असेल तर पान बंद करायचं. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीतून काउंटरच्या खात्यांसाठी ही रन चौकटच बंद करता येते. तेच करा.

तिसरी, एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल. "आरटीओ चलन", "लग्नपत्रिका", "पीएम किसान" अशा नावांनी व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल येते, तीही ओळखीच्याच नंबरावरून, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. चलन किंवा पत्रिका कधीही ॲपच्या फाइलमध्ये येत नाही. आणि कीपॅड फोन यासाठीच: संस्थेच्या चालू खात्याला जोडलेलं सिम त्यात घाला. ज्या फोनवर व्हॉट्सॲप चालतं त्या फोनवर संस्थेचा ओटीपी येऊ नये.

चूक झाली तर लगेच सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हे चेअरमन किंवा मालकाने सगळ्यांसमोर म्हणायला हवं. भीतीपोटी दुपारपर्यंत लपवलेली एक क्लिक फार महाग पडते.

पडताळणी: महिन्याने कुणालाही विचारा, "काही संशयास्पद उघडलं गेलं तर पहिला फोन कुणाला?" उत्तराला अडखळले तर पंधरा मिनिटांचा वर्ग पुन्हा घ्या.

## टप्पा ६: नोंदी आणि आठवड्याची पाहणी

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग (यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवायचे असतात. विंडोजचा सुरक्षा लॉग मूळ आकारात लहान असतो आणि भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधला लॉग पाहायचा प्रोग्राम) त्याचा आकार वाढवा आणि महिन्याला एक प्रत डिस्कवर घ्या.

दर सोमवारी दहा मिनिटं इव्हेंट व्ह्यूअरमध्ये चार आकडे शोधा: ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे झालेलं लॉगिन, ४७२० म्हणजे नवं खातं तयार झालं, ११०२ म्हणजे लॉगच पुसला. मध्यरात्री फसलेल्या लॉगिनांची रांग आणि तिच्यामागे एक यशस्वी लॉगिन दिसलं तर तडक पुढच्या टप्प्यावर जा. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला दिसणं किंवा कुणीही न बसवलेलं ॲनीडेस्क सापडणं, हेही तितकंच गंभीर. लॉक झालेल्या फाइली दिसण्याची वाट बघू नका.

## टप्पा ७: हल्ला झाला तर

हा टप्पा छापून सर्व्हरशेजारी लावा.

१. नेटवर्कची तार उपसा, वायफाय बंद करा. एकापेक्षा जास्त यंत्रांवर लक्षणं असतील तर मुख्य स्विचच बंद. संगणक मात्र बंद करू नका, त्याच्या मेमरीत पुरावा असतो. जोडणी तोडता येत नसेल आणि डोळ्यांदेखत फाइली लॉक होत असतील, तेव्हाच वीज तोडा.

२. बॅकअपची डिस्क जोडू नका. घाबरून होणारी सर्वांत मोठी चूक हीच. शेवटची चांगली प्रतही त्यात जाते.

३. मोबाइलने पडद्याचे फोटो काढा: खंडणीची सूचना, फाइलींची बदललेली नावं, वेळ. वहीत कधी, कोणाला, काय दिसलं ते लिहा.

४. बँकेला फोन. पैसे गेले असतील तर लगेच १९३० आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. इथे मिनिटं मोजायची, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवावे लागतात.

५. वेगळ्या, निरोगी यंत्रावरून ईमेल, बँक आणि व्हेंडर पोर्टलचे पासवर्ड बदला आणि "सगळीकडून लॉगआउट" करा. चोरलेल्या लॉगिन सत्राला पासवर्ड लागत नाही, म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही.

६. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवा. टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९. पूर्ण माहिती हाती नसली तरी आहे ती कळवा, उरलेली नंतर देता येते. सायबर पोलिसांत तक्रार आणि, विमा असेल तर, विमा कंपनीला सूचना त्याच दिवशी.

सावधान: खंडणी भरू नका. भरून किल्ली मिळेलच याची खात्री नसते, मिळाली तरी ती सगळ्या फाइली उघडतेच असं नाही, आणि बाहेर नेलेला डेटा त्यांच्याकडेच राहतो. "डेटा रिकव्हरी" करून देतो म्हणून येणारेही कधी कधी परस्पर खंडणीच भरतात. कशी करणार ते लेखी मागा.

लॉक झालेल्या डिस्कची आधी पूर्ण प्रत काढा, मग मूळ डिस्क काढून सील करा. नो मोअर रॅन्सम या युरोपोलच्या सहभागातल्या मोफत उपक्रमाच्या संकेतस्थळावर लॉक झालेल्या फाइलचा नमुना देऊन त्या प्रकारची किल्ली उपलब्ध आहे का ते पाहता येतं. आज नसली तरी पुढे मिळू शकते. फॉरमॅट केलेल्या डिस्कला हा मार्ग उरत नाही.

मग पुनर्बांधणी, आणि तिचाही क्रम आहे. हल्लेखोर कुठून आला ते आधी शोधा आणि ती वाट बंद करा. नव्या डिस्कवर विंडोज कोरं बसवा. अँटिव्हायरसने "साफ केलेल्या" जुन्या विंडोजवर विसंबू नका. अपडेट पूर्ण करा, साधी खाती तयार करा, सगळे पासवर्ड नवे द्या. बॅकअप घुसखोरीच्या आधीच्या तारखेचा निवडा. डिस्क आधी एका वेगळ्या, जाळ्यात नसलेल्या यंत्रावर तपासून घ्या. मधल्या दिवसांच्या नोंदी कागदी पावत्यांवरून हाताने भरा. आधी सर्व्हर, मग एक काउंटर, दिवसभर नजर, मग दुसरा काउंटर. सगळे एकदम जोडले तर घाण कुठून परत आली ते कळत नाही.

ठेवीदारांचा, रुग्णांचा किंवा शेतकऱ्यांचा डेटा बाहेर गेल्याचं दिसलं तर त्यांना स्वतःहून सांगा: काय गेलं, कुठल्या नावाने खोटे फोन येऊ शकतात, आणि संस्था फोनवर ओटीपी कधीच मागत नाही. सूचना फलकावर लावा, पिग्मी एजंटांमार्फत घरोघरी पोचवा. सील केलेली डिस्क पोलिसांनी मोकळी करेपर्यंत तिजोरीत राहू द्या, आणि सोमवारची पाहणी पुढचे तीन महिने रोज करा.